लामतं राहिलं

गार्डबाबूंनी मला फसवलं. एकट्यानं नाही. माझा कारागीर इमरत आणि समोरची शिलाईवाली छाया, या दोघांना हाताशी धरून फसवलं. इंटरनेटवरच्या एका रेडिओ कार्यक्रमाच्या नावाखाली दर बुधवारी दुपारी तीन ते चार त्यांनी माझ्या दुकानातली हातोडी बंद ठेवायला लावली. त्यातले शेवटचे आठ महिने असा कुठलाही कार्यक्रम होत नव्हता. तो बंद पडला होता. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मला नव्हतं.

मी सहज फसणारी बाई नाही. भंडाऱ्याकडून लग्न होऊन बालाघाटला आले, दोन वर्षांत नवरा गेला, आणि सासरच्यांनी हातात एक टोपलं दिलं. त्यात पितळेचे लोटे, गंज म्हणजे उभट पातेली, एखादी परात. ते डोक्यावर घेऊन मी परसवाडा, लामतं, बिरसा इथले बाजार केले. जुनं मोडीत घ्यायचं, नवं द्यायचं. भांडं हातात आलं की मी बोटाच्या पेरानं एकदा वाजवते. आवाज सांगतो की आत चीर आहे, जोड आहे, का भेसळ. आज बालाघाटात माझं स्वतःचं दुकान आहे आणि आजही वाजवून पाहिल्याशिवाय मी चमचासुद्धा घेत नाही. जिभेला धार आहे, तीही बाजारानंच लावली. ती नसती तर टोपलंही राहिलं नसतं.

गार्डबाबूंचं नाव दशरथ गजभिये. ते नाव फक्त त्यांच्या पेन्शनच्या कागदावर होतं. नैनपूरकडे जी अरुंद रुळांची लहान गाडी जायची, तिच्यावर ते गार्ड होते. लहान गाडीचे रूळ उखडले, मोठे आले, गार्डबाबू निवृत्त झाले आणि माझ्या दुकानाशेजारच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. बायको आधीच वारली होती, मुलगी गोंदियाला दिलेली. अंगानं किडकिडीत, पांढरा सदरा, खिशात नेहमी दोन रुमाल. एक लाल, एक हिरवा.

त्यांची पहिली खोड म्हणजे ते कुठंही जाताना उलटं बसायचे. ऑटोत ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून, सुटलेल्या रस्त्याकडे तोंड करून. देवळाच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे हीच तऱ्हा. मी एकदा विचारलं, "गार्डबाबू, पुढचं काही पाहायचं नसते का तुमाले?"

"पुढचं पाहाले डायव्हर असते बाई," ते म्हणाले. "मागचं सगळं येऊन राह्यलं का नाही, ते कोनी पाहाव?"

दुसरी खोड म्हणजे घासाघीस न करणं. पहिल्यांदा दुकानात आले ते पितळेचा एक गंज घ्यायला. मी भाव सांगितला. अर्थात चढवून सांगितला, कारण गिऱ्हाईक तो उतरवणार हे धरूनच भाव सांगायचा असतो. गार्डबाबूंनी पैसे काढून गादीवर ठेवले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. असा माणूस मला अपमानच करून गेल्यासारखा वाटतो. तबलजीनं ठेका धरावा आणि गाणाऱ्यानं तोंडच उघडू नये, तसं.

"भाव तर कराल?" मी म्हटलं.

"तुमी सांगतला तो खोटा होता का?"

मी पैसे परत केले थोडे. आयुष्यात पहिल्यांदा, न मागता. ते गंज घेऊन जिना चढले. वर जाताना त्यांनीही तो पेरानं वाजवला, आणि कान लावून नाद पूर्ण विरेपर्यंत पायरीवर थांबले.

त्या गंजाचा उपयोग मला नंतर कळला. त्यांच्या मुलीनं त्यांना एक स्मार्टफोन दिला होता आणि जुना एक त्यांच्याकडे होताच. नव्या फोनवर इंटरनेटवरून एक मराठी रेडिओ लागायचा. कोण चालवायचं, कुठून, कोणास ठाऊक. त्यावर बुधवारी तीन वाजता 'दूरचं गाव' नावाचा कार्यक्रम यायचा. गार्डबाबू गंजाच्या तळाशी चौघडी घातलेला टॉवेल ठेवायचे, त्यावर दोन्ही फोन समोरासमोर, दोन माणसं बोलायला बसतात तसे. एक बोलायचा, दुसरा भरून घ्यायचा. रेकॉर्डिंग करण्याची त्यांची ही पद्धत. छायानं त्यांना सांगितलं होतं, "बाबूजी, फोनच्या आतल्या आत रेकॉर्ड होते ना. अॅप टाकून देते."

"त्यात फक्त त्या बाईचा आवाज येईन," ते म्हणाले. "आपली गल्ली कशी येईन? कोनी सांगतलं ते पाह्यजे, तसंच कुठं बसून ऐकलं तेही पाह्यजे."

आणि गल्ली यायची. हीच तर अडचण होती. माझ्या दुकानात इमरत जुन्या भांड्यांचे पोचे काढायचा. लोखंडी खुंट्यावर पाण्याची पितळी गुंड पालथी घालायची आणि बाहेरून ठोकत जायचं. तीसेक वर्षं तो माझ्याकडे आहे. त्याची हातोडी पडली की अख्खी गल्ली वाजते. गार्डबाबूंच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या बाईच्या प्रत्येक वाक्याला इमरत ठोके द्यायचा.

म्हणून एका मंगळवारी गार्डबाबू दुकानात आले आणि उभे राहिले. मग म्हणाले, "सुमनबाई, बुधवारी एक तास हातोडी थांबते का, हे विचाराले आलतो."

मी भडकले. भर दिवसा, दुकानाच्या वेळेला, एक तास. मी काय काय बोलले ते मला आठवतं, पण लिहिण्यासारखं नाही. ते सगळं ऐकून घेत उभे. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "बदल्यात काय देऊ?"

म्हणजे सौदा. आता ही माझी जागा होती. मी विचार केला. माणसाकडे देण्यासारखं काय आहे? एक पलंग, एक गंज, दोन फोन. "तो कार्यक्रम," मी म्हटलं. "दर आठवड्याला माझ्या फोनवर पाठवायचा. पूर्ण. मधलं एक मिनिट गाळलेलं चालणार नाही."

"हौ," ते म्हणाले. "पूर्ण देईन."

मला तो कार्यक्रम हवा होता असं नाही. पण एक तास फुकट जाऊ द्यायचा, हे माझ्या रक्तात नाही.

पहिल्या बुधवारी तीनला पाच मिनिटं कमी असताना गार्डबाबू वरच्या गॅलरीत आले आणि त्यांनी लाल रुमाल कठड्याला बांधला. इमरतनं हातोडी खाली ठेवली. छायानं शिलाई मशीनवरचा पाय उचलला. तिला कोणी सांगितलंही नव्हतं. गार्डबाबूंनी फोनचा आवाज वाढवला, गंजातून तो गोल होऊन खाली उतरला आणि मी गादीवर लोडाला टेकून ऐकू लागले.

त्या कार्यक्रमात घडत काहीच नसे. एक बाई बोलायची, सावकाश, जणू तिला घरी जायची घाई नाही. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी आपल्या गावाबद्दल तिला लिहून पाठवलेलं असायचं, आणि ती आपल्याला त्या गावात चालत न्यायची. शिवेपासून सुरुवात. "आता डावीकडे चिंच आहे," म्हणायची आणि थांबायची, आपण चिंचेपर्यंत पोहोचावं म्हणून. मग विहीर. विहिरीवर कोण आहे. कोणाचं कुत्रं उठलं, कोणाचं नाही उठलं. कुठलं गाव, कुठल्या जिल्ह्यातलं, काही संबंध नाही. पण तिच्या मागून चालताना पायाखालची धूळ मऊ लागायची. दुकानाबाहेर ऊन उभं असायचं, गुंडींच्या उतरंडीवर ऊन आणि सावली हळूहळू सरकायची, आणि मला वाटायचं की मीच टोपलं घेऊन त्या गावात शिरते आहे, पण टोपल्याला वजन नाही. विकायचं काही नाही. कोणाशी भांडायचं नाही.

मी डोळे मिटून ऐकायचे. झोपत नसे.

चार वाजता वर हिरवा रुमाल लागायचा, इमरतचा पहिला ठोका पडायचा आणि मी डोळे उघडायचे. संध्याकाळी फोनवर रेकॉर्डिंग आलेलं असायचं. सोबत गार्डबाबूंचा निरोप, रजिस्टरात लिहावा तसा: "३.१७ ते ३.१९ सिग्नल नव्हता. बाकी गाडी टाइमावर." नेट अडकलं की त्यांच्या लेखी सिग्नल पडलेला नसायचा. फोनवर ते गोल चक्र फिरत असताना ते घाबरत नसत, शिव्या देत नसत. हात मागे बांधून उभे राहायचे. "आउटरले उभी हाये," म्हणायचे. "येते."

ते रेकॉर्डिंग मी कधी उघडलं नाही. ऐकलं तर होतंच दुपारी. माल घरात आला, एवढं पुरे.

लाल रुमालाचा धाक कसा असतो ते एकदा मी पाहिलं. साड्यांच्या सेलची जाहिरात करणारी ऑटो गल्लीत शिरली, वर भोंगा बांधलेला. गार्डबाबू जिना उतरून रस्त्याच्या मधोमध गेले आणि लाल रुमाल आडवा धरला. ऑटोवाल्यानं करकचून ब्रेक मारला.

"क्या हुआ बाबूजी, आगे काम चल रहा है क्या?"

"लाइन क्लिअर नहीं है," गार्डबाबू म्हणाले.

त्यानं भोंगा बंद केला, गाडी बाजूला लावली, आणि छायाच्या ओट्यावर बसून राहिला. पुढच्या बुधवारी तो भोंग्याशिवाय आला. त्याच ओट्यावर बसला, चार वाजेपर्यंत ऐकलं आणि मग गेला.

आता लामत्याबद्दल. गार्डबाबूंनीही त्या बाईला पत्र पाठवलं होतं. लामत्यावर. कागदावर आधी पेन्सिलीनं लिहिलं, मग छायानं ते फोनवर टाइप करून पाठवलं. छाया तिशीतली पोर, घरी मराठी, बाहेर हिंदी, त्यामुळे प्रत्येक शब्दाला ती विचारायची आणि ते दोघं तीन दुपारी ओट्यावर बसले होते. पाठवण्याआधी गार्डबाबू तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

"वाचता का?"

"दुकान कोन पाहील?" मी म्हटलं. समोर गिऱ्हाईक होतं आणि परातीचा सौदा अर्ध्यावर होता.

"हौ, तेही आहे," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून घेऊन गेले.

तेव्हापासून प्रत्येक बुधवारी ते लामत्याची वाट बघत होते. रेकॉर्डिंग करायचं खरं कारण हेच होतं, हे मला छायानं सांगितलं. ज्या दिवशी ती बाई लामत्यात शिरेल, तो दिवस हातून जाऊ नये. एकही बुधवार चुकवायचा नाही. ताप असताना ते गॅलरीत भिंतीला टेकून बसलेले मी पाहिले आहेत. बाई दुसऱ्याच कुठल्या गावाचं नाव घ्यायची, आणि गार्डबाबू मान हलवायचे, आपली नसलेली गाडी पास करावी तसे.

"तुमच्या लामत्यात असं काय आहे?" मी एकदा विचारलं. "मी दहा वर्षं बाजार केला तिथं. धान आहे, धूळ आहे आणि भाव पाडून मागनाऱ्या बाया आहेत."

"बाजाराच्या दिवशी तुमी माझ्याच गाडीनं परतत होत्या," ते म्हणाले.

ते मलाही आठवत होतं. बाजार संपला की टोपलं घेऊन स्टेशनवर यायचं, लहान गाडीचे लहान डबे, माणसाच्या उंचीचे. गार्डाच्या डब्यात ते माझं टोपलं ठेवू द्यायचे. एक दिवस एका बाईशी माझा सौदा स्टेशनच्या कुंपणाशी अडला. मोठी परात होती. ती सोडेना, मी सोडेना. गाडीची वेळ झाली, इंजिनानं शिट्टी दिली, आणि मी मनात म्हटलं, जाऊ दे गाडी, पण परात या भावात देणार नाही. ती परात त्या दिवशी विकली गेली नसती तर दुसऱ्या दिवशी माझ्या घरात चूल पेटायची नव्हती. गाडी मात्र हलली नाही. उभीच. मी भांडून, रुसून, परत बोलावून तो सौदा माझ्या भावात पूर्ण केला, सावकाश टोपलं उचललं, आणि डब्याशी येऊन या गार्डबाबूंनाच फैलावर घेतलं. तुमची गाडी कधी टाइमावर चालत नाही, लोकांनी घरी कधी पोहोचायचं. ते हिरवी झंडी काखेत धरून उभे होते.

"सिग्नल नव्हता बाई," ते म्हणाले होते.

दसरा झाला आणि त्यांची मुलगी गोंदियाहून त्यांना न्यायला आली. गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता. त्यांनी सामान काय न्यावं, एक ट्रंक. गंज माझ्या गादीवर आणून ठेवला. "हा इथंच राहू द्या," म्हणाले. मी तो सवयीनं वाजवला. ते हसले.

ते गेल्यावरच्या पहिल्या बुधवारी तीन वाजले. इमरतनं हातोडी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ठेव खाली." गंजात माझा फोन ठेवला आणि त्यांनी पाठवलेलं शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. ती बाई शिवेवर आली, चिंच आली, विहीर आली. पण त्या दिवशी माझे डोळे मिटेनात. वर कठडा रिकामा होता.

दहाएक मिनिटांनी रेकॉर्डिंगमधला त्या बाईचा आवाज कमी होत गेला आणि बंद पडला. मला वाटलं, सिग्नल. मग कोणीतरी घोरू लागलं. गॅलरीच्या खालून, मोठ्यानं, एका लयीत. आणि त्यावर गार्डबाबूंचा आवाज, अगदी हळू:

"बाई निजल्या."

मी गंजाकडे बघत राहिले. घोरणं चालूच होतं. तो आवाज कोणाचा आहे, हे इमरतच्या चेहऱ्यावरूनच समजलं. तो मान खाली घालून खुंट्यावरची गुंड पुसत होता, आणि ती आधीच लख्ख होती.

मी फोन उचलला आणि मागची सगळी रेकॉर्डिंगं उघडली. एकेक करून. एका बुधवारी, होळीच्या थोडं आधी, ती बाई निरोप घेताना सापडली. हा शेवटचा भाग, ज्यांच्या गावात जाता आलं नाही त्यांची क्षमा मागते, असं म्हणत होती. स्वच्छ शब्दांत. माझ्या दुकानात, माझ्या कानाशी सांगितलं होतं तिनं. त्यावरही माझं घोरणं होतं. आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक बुधवारी तेच. दहा मिनिटं त्या बाईचं जुनंच रेकॉर्डिंग, मग माझं घोरणं, मग "बाई निजल्या", आणि मग गार्डबाबू स्वतः बोलू लागायचे.

ते नैनपूरहून निघाले होते. बालाघाटकडे, म्हणजे माझ्याकडे येत होते. नैनपूरलाच त्यांनी सहा बुधवार घेतले. "नैनपूरले चारही दिशेच्या गाड्या येत," रेकॉर्डिंगमध्ये ते सांगतात. "सगळ्या लहान. उन्हात उभ्या राह्यल्या का डब्याचं लोखंड आपोआप टकटक वाजे. जसं आतून कोनी दार ठोठावून राह्यलं. पन आत कोनी नसे." मग थांबतात, त्या बाईसारखेच. कावळा ओरडतो. छाया विचारते, "मंग कोन वाजवे बाबूजी?" "ऊन," ते म्हणतात.

मग नगरवाडा. मग पडरीगंज. सागाच्या पानांवर धुकं बसलं की गाडी पांढऱ्यात शिरायची, इंजिन दिसेनासं व्हायचं, आणि शेवटच्या डब्यात उभ्या असलेल्या माणसाला वाटायचं की पुढे गाडीच नाही, आपला एकच डबा कोणीतरी दोरीनं ओढतं आहे. हे सगळं त्या हळू आवाजात. भोंगेवाला ऑटोवाला मध्येच "अच्छा" म्हणतो. इमरत हसतो. चार वाजता ते जुनी बाई परत लावतात, तिचं शेवटचं संगीत वाजतं, ठोका पडतो आणि माझा जागा झालेला आवाज ऐकू येतो: "चांगला होता आजचा."

मी इमरतला समोर बसवलं.

"तेरेको मालूम था?"

"सबको मालूम था, बाई।"

"आणि मले काहून नाही सांगतलं?"

त्यानं हातातलं फडकं घडी करून खुंट्यावर ठेवलं. मग म्हणाला, "आप सोती थीं। सुबह से रात तक आप चिल्लाती हैं, बाई। वो एक घंटा नहीं चिल्लाती थीं। बाबूजी बोले, शो बंद हुआ ये बताया तो हथौड़ी चालू हो जाएगी, और ये फिर नहीं सोएँगी।"

त्याला मी काय म्हणाले ते इथं नको. छायाला ओट्यावर जाऊन गाठलं, तेव्हा ती काजं करत होती.

"काकू, तुमच्या फोनमध्ये तर सगळं पूर्ण पाठवत होते ते," ती म्हणाली. "तुमीच उघडून नाही पाह्यलं."

हे खरं आहे, आणि हेच मला लागलं. पूर्ण देईन म्हणाले होते, पूर्ण दिलं. एक मिनिट गाळलं नाही. चमचा वाजवून घेणाऱ्या बाईनं आठ महिन्यांचा माल न वाजवता ठेवून घेतला.

पण पूर्ण दिलं नाही. हे मला सगळं ऐकून झाल्यावर लक्षात आलं. पडरीगंजनंतर लामतं यायला हवं. गार्डबाबू एकदम चरेगावला येतात, मग समनापूर. लामतं वगळलं. गाडी तिथं थांबलीच नाही. आणि शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये, "बाई निजल्या" नंतर, ते म्हणतात: "आज लामतं होतं. पन ते असं नाही सांगनार. बाई जाग्या पाह्यजे."

"उठा दूँ क्या?" हा इमरत.

"नको. निजू दे. दिवसभर भांडते बिचारी. आपन थांबू."

आणि ते थांबतात. त्या रेकॉर्डिंगमध्ये चाळीस मिनिटं कोणी बोलत नाही. छायाच्या ओट्यावर बांगड्या किणकिणतात. दूर कुठेतरी मोठी गाडी जाते. माझं घोरणं चालू आहे. एक म्हातारा माणूस गॅलरीत बसून मी आपणहून जागी होण्याची वाट बघतो आहे, आणि मी होत नाही. मग ठोका.

बिचारी. मला आजपर्यंत या जिल्ह्यात कोणी बिचारी म्हटलेलं नाही.

छायाला मी विचारलं, "त्या पत्रात काय होतं? तूच टाइप केलं ना?"

"हौ."

"मंग सांग."

"नाही काकू. ते त्याइनंच सांगाव." तिनं दोरा दातानं तोडला. मग माझी दया आली असावी. "तुमी आहा त्यात. एक दिवस लामत्याले गाडी उभी होती, ती काहून उभी होती, ते लिहेल आहे."

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

गार्डबाबू गेले होते ते त्याआधीच्या शनिवारी, सकाळच्या गोंदिया पॅसेंजरनं. गंज ठेवून घेतला म्हणून मी स्टेशनवर गेले होते, त्याच्या बदल्यात एक झाकणाचा डबा द्यायला. मुलीनं त्यांना खिडकीशी बसवलं. ते उठले आणि समोरच्या बाकावर, उलटे बसले. गाडी सुटली. बाकीचे सगळे पुढे बघत गेले, ते माझ्याकडे बघत गेले. खिडकीतून हात बाहेर आला, हातात हिरवा रुमाल. फलाट संपला, सिग्नल मागे पडला, वळण आलं, तरी तो हिरवा ठिपका दिसत होता. मला तेव्हा वाटलं, सवय आहे म्हाताऱ्याची.

फोन नंबर आहे माझ्याकडे. करणार नाही. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, आणि या माणसासमोर मी एकदा गंजाच्या भावात हरलेली आहे. म्हणून लिहिते आहे. छाया हे टाइप करून त्यांना पाठवील.

गार्डबाबू, बुधवारी तीन वाजता माझ्या दुकानातली हातोडी अजूनही बंद असते. लाल रुमाल आता मीच बांधते, इमरतला विचारा. मी तोंड धुऊन, चहा पिऊन, ताठ बसते. झोपत नाही. तुम्ही गल्लीला सगळी स्टेशनं सांगितलीत आणि जिच्या हातोडीच्या मोबदल्यात सांगितलीत तिला एकही नाही. ते एक वेळ सोडून देईन. पण त्या दिवशी लामत्याला तुम्ही मला म्हणालात की सिग्नल नव्हता. इंजिनाची शिट्टी झाली होती, ती मी या कानांनी ऐकली होती. सिग्नलशिवाय इंजिन शिट्टी देत नाही, हे तुम्हीच छायाला समनापूरच्या बुधवारी सांगितलं आहे, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. झंडी तुमच्या काखेत होती, आणि गार्डानं ती दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही. मग गाडी कोणी अडवली, आणि कोणासाठी? इथं या, समोर बसा, हवं तर उलटे बसा, आणि मला उत्तर द्या.